पुण्याची जुनी पाणीवाट : हौद आणि उच्छ्वासांची नोंदवही

२ नोव्हेंबर : हद्द आणि यादी

कामाची हद्द ठरली. कात्रजच्या तलावांपासून शनिवारवाड्यापर्यंतचा नळ (म्हणजे जमिनीखालची पाण्याची वाट), वाटेवरचे उच्छ्वास (नळावर बांधलेले विहिरीसारखे उभे भाग) आणि पेठांमधले हौद. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, आंबील ओढ्याला कात्रजजवळ बांध घालून हे पाणी शहरात खेळवलं गेलं. रास्ते सरदारांनी कोंढव्याकडून आणलेला नळ वेगळा, नाना फडणवीसांच्या वेळचा नळही वेगळा. हे दोन्ही या टप्प्यात घ्यायचे नाहीत. सगळे नळ एकाच वेळी काढायला बसलं की कुठल्या हौदाला कुठलं पाणी यायचं याचा गुंता होतो आणि मग तो नकाशा सोडवता सोडवत नाही.

पहिली यादी तोंडावर असलेल्या नावांची: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी, तांबट हौद, नाना हौद, पंचहौद, बाहुलीचा हौद. यातला प्रत्येक हौद कात्रजच्याच पाण्यावर होता असं गृहीत धरायचं नाही. 'पाणी कुठून' हा रकाना पुरावा मिळेपर्यंत कोराच ठेवायचा. पुण्याबद्दलच्या कितीतरी समजुती अशा रिकाम्या रकान्यात घाईने काहीतरी भरल्यामुळेच रूढ झाल्या आहेत.

प्रत्येक जागेला अवस्था एकच: उभा, बुजलेला किंवा नुसतं नाव. ओळख-क्रमांक पेठ, प्रकार, आकडा असा, म्हणजे शुक्रवार पेठेतला तिसरा हौद 'शु-हौ-०३'. कागद आणि फोटो नावाने लावायचे नाहीत, क्रमांकाने लावायचे. एकाच हौदाला दोन आळ्यांत दोन नावं असतात, आणि 'नाना' म्हटलं की फडणवीसांचा वाडा, नाना पेठ, नाना हौद सगळंच समोर येतं.

३ नोव्हेंबर

जुन्या कागदांत शोधताना पेठांची जुनी नावं हाताशी हवीत. शुक्रवार म्हणजे विसापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ, सोमवार म्हणजे शहापुरा. औरंगजेबाच्या छावणीच्या काळातल्या कागदांत खुद्द पुणंच 'मुहियाबाद' होऊन बसतं. नुसतं 'शुक्रवार' शोधलं तर निम्मा माल हातचा जातो.

९ नोव्हेंबर : जागा कशी टिपायची

मोबाइलचं जीपीएस मोकळ्या मैदानात पाच-दहा मीटरपर्यंत बरं चालतं. बोळात शिरलं की उंच भिंतींवरून सिग्नल परावर्तित होऊन येतो आणि टिंब पलीकडच्या वाड्यात जाऊन पडतं. शुक्रवार-कसब्यात एवढा फरक म्हणजे वेगळी आळी, कधी वेगळी पेठ. म्हणून जीपीएस फक्त ढोबळ जागेसाठी वापरायचं. खरी जागा अंतराने बांधायची: लवकर न हलणारे तीन बिंदू निवडून (देवळाच्या जोत्याचा कोपरा, जुन्या वाड्याच्या दगडी चौकटीची बाही, पुलाचा कठडा) त्या प्रत्येकापासून हौदाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यापर्यंत टेप. दोन अंतरांनी जागा दोन ठिकाणी निघू शकते, तिसऱ्याने एकच उरते आणि मोजण्यातली चूकही उघडी पडते. विजेचा खांब, फळकूट, दुकानाची पायरी असले बिंदू घ्यायचे नाहीत. रस्ता रुंद झाला की ते आधी जातात.

टेप स्टीलचा. कापडी टेप ताणला की लांबतो, सैल धरला की झोळ पडतो, आणि दोन माणसांची ओढ कधीच सारखी नसते. लेझर मीटर भिंत ते भिंत उत्तम, पण उन्हात त्याचा लाल ठिपका दिसत नाही आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तो भलताच आकडा देतो, कारण किरण पाण्यात शिरतो.

१६ नोव्हेंबर : हौद मोजणं

हौद आतून मोजायचा. भिंतींची जाडी वेगळ्या रकान्यात, नाहीतर क्षमता फुगते. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण घ्यायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णांत फरक आला तर हौद काटकोनात नाही, आणि तसा तो अनेकदा नसतो, कारण आधी बोळ होता आणि हौद त्याला सांभाळून बसवला गेला. अशा वेळी आकार 'दुरुस्त' करून काढू नये. तो तिरपेपणाच जुन्या बोळाची दिशा सांगतो.

क्षमतेचं उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे, म्हणजे सगळे एकाच रीतीने काढतील. १२ फूट लांब, १० फूट रुंद, ६ फूट खोल म्हणजे ७२० घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर साधारण २०,४०० लिटर. पण खोली तळापासून काठापर्यंत धरायची नाही. पाणी वरच्या सांडव्याच्या भोकापर्यंतच चढतं, त्याच्या वरची भिंत हिशेबात येत नाही. तोटीच्या खालचं पाणीही तोटीतून मिळत नव्हतं, ते उपसूनच घ्यावं लागे. म्हणून तीन उंच्या नोंदायच्या: तळ, तोटी, सांडवा. तोटी आणि सांडवा यांच्यामधलं पाणी तेवढं रांगेत उभ्या माणसाच्या कळशीत पडणारं.

वरचं उदाहरण फुटांत असलं तरी माप सेंटिमीटरमध्येच. गज, हात, तसू या जुन्या मापांत जागेवर रूपांतर करायचं नाही. २४ तसूंचा एक गज हे ठीक, पण गज सगळीकडे एकाच लांबीचा नव्हता. आकडे जमल्यावर एखादी लांबी वारंवार येते का हे घरी बसून बघावं.

गाळ मोजायला दोन काठ्या लागतात. एकीच्या टोकाला हाताच्या पंजाएवढी सपाट चकती. ती गाळाच्या माथ्यावर टेकते. दुसरी १२ मिलिमीटरची टोकदार सळई. ती गाळातून खाली जाऊन दगडावर 'टण्ण' वाजते. दोन्हींतला फरक म्हणजे गाळाची जाडी. आवाज बसका आला तर सळई तळाला लागलेली नसते, मध्ये विटा-राडारोडा असतो. जागा बदलून पुन्हा घालायची.

३० नोव्हेंबर : उतार

या सगळ्या रचनेचा प्राण म्हणजे उतार. पंप नाही, चाक नाही, पाणी केवळ आपल्या वजनाने चालत शनिवारवाड्यापर्यंत आणि तिथल्या हजारी कारंजापर्यंत पोचत होतं. म्हणून पातळ्यांशिवायचा नकाशा अर्धाच.

मोबाइल दाखवतो ती समुद्रसपाटीपासूनची उंची या कामाला निरुपयोगी. ती सहज दहा मीटर चुकते. समजा नळाला ५०० ला १ उतार आहे, तर १०० मीटरला घसरण फक्त २० सेंटिमीटर. तिथे गवंड्याची पाणपातळीची नळीच कामाची: पारदर्शक, १५-२० मीटर लांब. भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने ओढून घ्यावं, नळाखाली धरून भरू नये. तशी भरली की बुडबुडे अडकतात. मध्ये एक बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांची पातळी काही सेंटिमीटरनी खोटी येते, आणि आपल्याला २० सेंटिमीटरच शोधायचे आहेत. पाण्यात थोडी हळद किंवा शाई टाकली की रेघ नीट दिसते. जागा बदलताना दोन्ही टोकं अंगठ्याने बंद, वाचण्याआधी दोन्ही उघडी. एक बंद राहिलं तर पाणी हलतच नाही आणि वाचन खोटं येतं. नळीचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत असेल तर सकाळीच काम उरकावं.

शेवटच्या बिंदूवरून त्याच वाटेने उलटं मोजत परत यायचं. सुरुवातीच्या बिंदूवर फरक दोन सेंटिमीटरच्या आत बसला तर ठेवायचं, नाहीतर ती ओळ पुन्हा.

७ डिसेंबर : उच्छ्वास

उच्छ्वास म्हणजे जमिनीखालच्या नळावर बांधलेला विहिरीसारखा उभा भाग. त्याची कामं तीन. अडकलेली हवा बाहेर जाते, पाण्याचा वेग तिथे मंदावून गाळ खाली बसतो, आणि साफसफाईला माणूस उतरू शकतो. कात्रजचा नळ काही भागांत माणूस वाकून चालेल एवढा मोठा आहे. अशा नळात हे उच्छ्वास सफाईची दारंच असतात. जुन्या माणसांना विचारताना 'उसासा' असंही विचारून बघावं. लगेच ओळख पटते.

आज कोणीही आत उतरायचं नाही. हा नियम कायमचा. बंद भागात प्राणवायू कमी असतो, आणि आता अनेक ठिकाणी सांडपाणी शिरल्यामुळे हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचा कुजट वास सुरुवातीला येतो आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं अजिबात नाही. मेणबत्ती सोडून बघणं हीही खात्रीची चाचणी नाही.

कॅमेरा दोरीने सोडायचा. एका दोरीवर सोडला की दोरीचा पीळ उलगडतो आणि कॅमेरा गरगर फिरतो, चित्रफीत पाहून दिशा कळत नाही. म्हणून आडव्या पट्टीला दोन्ही टोकांना दोन दोऱ्या, पट्टीचं एक टोक लाल रंगवलेलं, आणि ते टोक कायम उत्तरेकडे. दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ, दर दोन मीटरला रंगीत चिंधी. थंडीतल्या सकाळी आतली हवा उबदार आणि ओलसर असते, त्यामुळे भिंगावर वाफ धरते. कॅमेरा काठाखाली दहा मिनिटं टांगून ठेवला की तो तापमानाला येतो आणि वाफ ओसरते. दिवा कॅमेऱ्याच्या शेजारी लावू नये. हवेतले कण चमकून सगळं पांढुरकं दिसतं. तो हातभर वर टांगावा.

प्रत्येक उच्छ्वासाच्या पाच पातळ्या: काठ, आजचा रस्ता, पाणी, गाळाचा माथा, नळाचा तळ. काठ आणि रस्ता वेगळे लिहिणं महत्त्वाचं. डांबराचे थर चढत गेले की रस्ता काठाच्या वर जातो आणि पावसाचं सगळं पाणी, चिखलासकट, उच्छ्वासात ओघळतं. कित्येक उच्छ्वास कुणी मुद्दाम बुजवलेले नसतात, रस्ताच त्यांना गिळतो.

८ डिसेंबर

शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. तिवई लावून छायाचित्रण करायचं तर परवानगी हवी. कारंजाजवळची मापं डोळ्यांनी आणि हातातल्या कॅमेऱ्याने भागतील तेवढीच.

२१ डिसेंबर : शिलालेख

हौदावरचा, ओवरीतला, देवळाच्या जोत्यातला लेख वाचण्याआधी त्याला हात लावायचा नाही. तारेचा ब्रश नाही, आम्ल नाही, शेंदूर खरवडणं नाही. खडू किंवा पिठाने अक्षरं भरण्याची सवय सर्वात घातक: भरणारा जे अक्षर आहे असं समजतो तेच भरतो, आणि पुढचा प्रत्येक फोटो त्याची समजूत छापत जातो. पीठ ओलसर फटीत राहून बुरशीही धरतं.

लेख वाचायचा तो तिरप्या उजेडाने. संध्याकाळी अंधार पडू लागला की कॅमेरा पक्का बसवायचा आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून धरायची. आठ दिशांनी आठ फोटो, कॅमेरा तसूभरही न हलवता. डावीकडून उजेड दिला की उभ्या रेघा उठतात, वरून दिला की शिरोरेघा. एका फोटोत न दिसणारी मात्रा दुसऱ्यात उभी राहते. एक फोटो समोरून, पट्टीसह, मापासाठी.

आता वर्ष. शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन. पौष ते फाल्गुन या महिन्यांत १ जानेवारी ओलांडली असेल तर ७९. सर्वात झिजणारी गोष्टही आकडाच. १ आणि ९, ४ आणि ५ यांची गल्लत नेहमीची. तिथे संवत्सराचं नाव तारून नेतं. रीत अशी: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील तो प्रभवपासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक, बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. पडताळा शिवराज्याभिषेकाचा: शके १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. अगदी बरोबर.

समजा लेखात 'शके १६_२ प्रमोदनाम संवत्सरे' एवढंच उरलं आहे, तिसरा आकडा टवका उडून गेला. प्रमोद चौथा. १६०२ ते १६९२ पर्यंत दहा शक्यता तपासल्या तर बाकी ४ फक्त दोघांत येते: १६१२ आणि १६७२. म्हणजे इसवी सन १६९० किंवा १७५०. संवत्सर साठ वर्षांनी परत येतो, म्हणून त्याच्या पुढे त्याला जाता येत नाही. लेखात तिथीबरोबर वार असेल तर पंचांग मांडून वार जुळवायचा, बहुतेक वेळा एकच वर्ष उरतं. वार नसेल तर संदर्भ: लेख कात्रजच्या नळावरच्या हौदाचा असेल तर १६९० ला जागाच नाही. पण हा निष्कर्ष वाचनापासून वेगळ्या रकान्यात. 'दगडावर काय आहे' आणि 'आम्हाला काय वाटतं' हे एकाच ओळीत कधी लिहायचं नाही.

वार जुळवताना एक खोच. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी तारखा बहुधा जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेच्या असतात. राज्याभिषेकाची ६ जून ही तारीख तशीच. संगणकाच्या पंचांगाला ती नव्या गणनेची समजून दिली की वार चुकतो, आणि दोष दगडाला दिला जातो.

४ जानेवारी : मोडी कागदांतल्या तारखा

पेशवे दफ्तरातल्या कागदांवर बहुतेक वेळा शुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) असतो, तोही अरबी शब्दांत. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. पुढे अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सीतैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. हा सन मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. 'इहिदे सीतैन मया व अलफ' म्हणजे ११६१. पानिपतची लढाई जानेवारीतली, म्हणून अधिक ६००, म्हणजे १७६१. हा एक पडताळा पाठ असला की सहसा चूक होत नाही.

महिना-दिवस मात्र चांद्र: 'छ ५ साबान', 'छ २० रजब' (छ म्हणजे चंद्र). चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून एका शुहूर सनाच्या सुरुवातीला आलेली तिथी शेवटी पुन्हा येऊ शकते. मृगाच्या आसपासच्या कागदाला दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात, मजकुरातला पाऊस-पेरणीचा उल्लेख मग निवाडा करतो.

नळाचे उल्लेख शोधताना 'कात्रज' शब्दावर अडून बसू नये. चुना, गूळ, वीट, बेलदार, पाथरवट, मजुरी यांचे हिशेब पाहावेत. बांधकाम खर्चातून सापडतं, वर्णनातून नाही.

१८ जानेवारी : माणसांकडून

जुन्या रहिवाशांशी बोलताना साल विचारलं की उत्तर अंदाजाने येतं. खूण विचारावी: "आजी, पानशेतच्या आधी की नंतर?" १२ जुलै १९६१ चा पूर पेठांमध्ये सगळ्यांच्या आठवणीत पक्का बसलेला आहे. तसाच ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ७२ चा दुष्काळ. पानशेत फुटलं, खडकवासला गेलं, नळ कोरडे पडले, आणि तेव्हा शहराने पुन्हा विहिरी-हौदांकडे धाव घेतली. त्या दिवसांबद्दल विचारलं की कुठला हौद तेव्हा चालू होता ते आपोआप कळतं, कारण ज्याने घागर वाहिली तो तो रस्ता विसरत नाही.

प्रश्न ठरलेले: तोटी कुठल्या अंगाला होती? पाणी रात्री बंद व्हायचं का? कपडे-भांडी कुठे? हौद कोण उपसायचं आणि कधी? आणि शेवटचा, टाळायचा नाही असा: इथे कोणाला पाणी भरू देत नव्हते?

या प्रश्नाशिवाय हौदांची नोंद खोटी राहते. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याचा अर्थच हा की गावातले बाकीचे हौद खुले नव्हते. बाहुलीचा हौद डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मुलीच्या आठवणीसाठी बांधला आणि सर्वांसाठी ठेवला. या दोन हौदांच्या मापांपेक्षा ही माहिती मोठी आहे. म्हणून 'पाणी कोणाला' हा रकाना प्रत्येक पानावर, क्षमतेच्या शेजारीच छापून घेतला आहे. पाणी किती होतं हे सांगताना ते कोणाच्या वाट्याला येत नव्हतं हेही त्याच ओळीत दिसलं पाहिजे.

१ फेब्रुवारी : चुना

भिंतीतला चुना जुना की नंतरचा हे ओळखायला व्हिनेगर टाकून बघण्याचा सल्ला फिरतो. त्याने काही ठरत नाही. जुन्या सिमेंटवरही फेस येतो. डोळे आणि नख पुरतात. चुना मळकट पांढरा, नखाने थोडा खरवडतो, आत विटांच्या लाल भुकटीचे ठिपके असतात. ती सुर्खी. पाण्यातल्या बांधकामात ती घातली जाई, कारण तिच्यामुळे चुना ओलाव्यातही घट्ट धरतो. सिमेंट करडं, कडक, सांध्याच्या बाहेर पसरलेलं. तपासणी फक्त खाली पडलेल्या तुकड्यांवर.

सिमेंटने केलेली डागडुजी दिसली की तारीख आणि फोटो. सिमेंट ओल अडवतं, ती ओल मग शेजारच्या विटेतून वाट काढते, क्षार तिथे स्फटिक होऊन विटेचा पापुद्रा उडवतात. सांधा शाबूत आणि वीट पोखरलेली, असं दिसलं की कारण हेच.

८ फेब्रुवारी

गवत वाळलं, म्हणून कात्रजकडची फेरी आता. तलाव प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, वेळेची बंधनं पाळावी लागतात. आंबील ओढ्याची वाटही टिपायची: २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाच ओढा सहकारनगर-अरण्येश्वर भागात घराघरांत शिरला. जुना बांध, पर्वतीच्या पायथ्याचं बुजलेलं तळं (आजची सारसबाग) आणि ओढ्याचं वळवलेलं पात्र एका नकाशावर आले की त्या रात्रीचं पाणी कुठून कुठे का गेलं हे पेठेतल्या माणसालाही समजेल. पूररेषेच्या खुणा ज्या भिंतींवर आहेत त्यांची उंची पाणपातळीच्या नळीने याच कामात घ्यायची.

राहिलेलं: कात्रज ते धनकवडी उताराची उलटी मोजणी, शुक्रवारातल्या दोन हौदांचे आठ दिशांचे फोटो, सिटी सर्व्हेचे उतारे मागवणं. उतारा मागताना आजचा नगर भूमापन क्रमांक लागतो, घर क्रमांक चालत नाही. वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली असेल तर जुना क्रमांक मालमत्ता पत्रकावरच्या फेरफाराच्या नोंदीतून मागे मागे शोधत जावा लागेल.